कलम सात

आमच्या गावच्या फुटबॉल क्लबचा मी गेली अकरा वर्षे सेक्रेटरी आहे. सेक्रेटरी म्हटल्यावर काही मोठे वाटेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. काम म्हणजे पावतीपुस्तके सांभाळणे, असोसिएशनची पत्रे फाइलला लावणे आणि चतुर्थी आटोपली की वर्गणीसाठी दारोदार फिरणे. मी स्वतः फुटबॉल खेळलो तो शाळेपुरता, तोही राइट बॅक, म्हणजे ज्याला कुठेच ठेवता येत नाही त्याला ठेवतात त्या जागेवर. पण सरकारी कचेरीतला कारकून, त्यात मराठी घेऊन बी. ए., तेव्हा 'हो अर्ज बरे बरयता' एवढ्या एका गुणावर माझी नेमणूक झाली आणि नंतर ती बदलायचे कोणाच्या लक्षातच आले नाही.

तर मे महिन्यात क्लबकडे एक प्रस्ताव आला. गावाबाहेरची एक कंपनी, मूळ धंदा बांधकामाचा. त्यांना क्लब 'घ्यायचा' आहे. कृत्रिम हिरवळ, फ्लडलाइट, परवानाधारक प्रशिक्षक, पोरांना बूट आणि जर्सी, पाच वर्षांत वरच्या लीगमध्ये प्रवेश. इंग्रजीत अकरा पाने, गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर आमच्याच मैदानाचा वरून काढलेला फोटो. आमचे मैदान इतके देखणे आहे हे मला त्या दिवशी प्रथम कळले. समितीने कागद माझ्या हातात ठेवले आणि आमसभेसाठी मराठीत सारांश कर म्हणून सांगितले. घरात कोंकणी, कागदावर मराठी आणि प्रस्ताव इंग्रजीत, हा गोव्यातल्या कुठल्याही मंडळाचा संसार. त्यात नवे काही नाही.

सारांश लिहायला बसलो त्याच आठवड्यात मुलाने मला एका मालिकेसमोर बसवले. तो यंदा दहावीला, अभ्यास सोडून बाकी सगळ्यात हुशार. "पप्पा, हें पळय. आमचीच गजाल आसा," म्हणाला. मालिका होती वेल्समधल्या रेक्सम नावाच्या गावातल्या फुटबॉल क्लबची. हॉलिवूडच्या दोन नटांनी तो विकत घेतला, त्याची. मी एक भाग बघायचा म्हणून बसलो आणि रात्री दीडला उठलो. नंतर जे हाताला लागले ते त्या क्लबविषयी वाचत गेलो. सवयच आहे, मागची फाइल चाळल्याशिवाय पुढे टिपण लिहिता येत नाही.

रेक्सम वेल्सच्या ईशान्य टोकाला, इंग्लंडच्या सीमेला लागून. सीमेवरच्या गावाची तऱ्हा वेगळी असते, हे बेळगावात सोयरीक असलेल्या आपल्या लोकांना मी सांगायला नको. सीमेपलीकडचे चेस्टर हे त्यांचे पिढीजात वैरी. क्लब १८६४ सालचा, वेल्समधला सर्वांत जुना, आणि जगातल्या व्यावसायिक क्लबांत वयाने तिसरा मानतात. मैदानाचे नाव 'रेसकोर्स', कारण तिथे पूर्वी घोडे पळत. वेल्सच्या राष्ट्रीय संघाने घरच्या भूमीवर पहिला सामना खेळला तो १८७७ मध्ये ह्याच मैदानावर, आणि अजूनही तिथे आंतरराष्ट्रीय सामने होतात.

गाव कोळशाचे आणि पोलादाचे. २२ सप्टेंबर १९३४ ची गोष्ट वाचताना मी जरा थांबलो. तो शनिवार होता. दुपारी रेक्समचा सामना. जवळच्या ग्रेसफर्ड खाणीतल्या कित्येक कामगारांनी सामना बघायला मिळावा म्हणून पाळ्या बदलून शुक्रवारची रात्रपाळी धरली होती. पहाटेच्या सुमारास खाणीत स्फोट झाला. बचावासाठी आत गेलेल्यांसह २६६ माणसे गेली. बहुतेकांची प्रेतेही वर आणता आली नाहीत, खाणीचा तो भाग बंदच करून टाकावा लागला. फुटबॉलसाठी पाळी बदलणे ही आपल्याकडची रोजची गोष्ट. मी स्वतः सामन्यासाठी किरकोळ रजा टाकली आहे, आजारी नसताना आजारी पडलो आहे. त्या गावात आजही क्लबविषयी बोलताना लोक आवाज खाली का आणतात, ते मला त्या एका तारखेवरून कळले.

पुढे ग्रेसफर्डची खाण १९७३ मध्ये बंद झाली. शेवटची बर्शम खाण १९८६ मध्ये, ब्रिंबोचा पोलाद कारखाना १९९० मध्ये. जे गाव ज्यावर जगत होते ते सगळे गेले. क्लब मात्र राहिला, आणि राहिला तो काही फार तेजाने नव्हे. १९९०-९१ च्या मोसमात तो इंग्लंडच्या चारही व्यावसायिक विभागांत मिळून तळाला होता. त्या वर्षी कुणाला खाली ढकलायचे नाही असा निर्णय होता, म्हणून वाचला. आणि त्याच संघाने पुढच्या जानेवारीत एफ. ए. कपमध्ये इंग्लंडचा विजेता आर्सेनल २-१ ने हरवला. फ्री किकवर गोल मारणारा मिकी थॉमस तेव्हा ३७ वर्षांचा होता. आमच्या गावात ३७ व्या वर्षी माणूस पंच तरी होतो नाहीतर पोट तरी सुटते.

पण माझ्यासारख्या कारकुनाला त्या गोलापेक्षा त्यांची २००२ ते २००६ ही फाइल जास्त खिळवून ठेवते. मैदानाची जमीन एका दारूच्या कंपनीची होती. २००२ मध्ये ती विकत घेण्याचा व्यवहार झाला, आणि त्या व्यवहारात मालकी क्लबच्या नावावर न राहता क्लब चालवणाऱ्याच मालकाच्या दुसऱ्या एका कंपनीच्या नावावर गेली. क्लब आपल्याच मैदानात भाडेकरू झाला. २००४ मध्ये त्याला वर्षभरात जागा खाली करायची नोटीस आली, कारण जागेवर बांधकाम करायचे होते. डोक्यावर कर्ज होतेच. डिसेंबर २००४ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला, लीगने १० गुण कापले. त्या मोसमात ह्याच संघाने लीग ट्रॉफी जिंकली, आणि त्याच मोसमाच्या शेवटी त्या कापलेल्या १० गुणांनी त्यांना खालच्या विभागात ढकलले. मैदानावर जिंकत होते, टेबलावर हरत होते.

मैदान वाचवले ते कोर्टाने. ऑक्टोबर २००५ मध्ये न्यायालयाने सांगितले की जमिनीची मालकी त्या दुसऱ्या कंपनीकडे गेली ती गैर रीतीने. अपिलातही तेच टिकले. एक नोंद चुकीच्या नावावर गेली तर ती परत आणायला काय पडते, हे ज्याने मामलेदार कचेरीत म्युटेशनसाठी चपला झिजवल्या आहेत त्याला वेगळे सांगायला नको.

तरीही उतार चालूच राहिला. २००८ मध्ये रेक्सम लीगच्या बाहेर पडला. १९२१ पासूनचे ८७ वर्षांचे नाते तुटले. २०११ मध्ये अशी वेळ आली की अडीच लाख पाउंडांची हमी भरल्याशिवाय पाचव्या दर्जाच्या लीगमध्येही खेळू देणार नव्हते. तेव्हा पाठीराख्यांनी एका दिवसात एक लाखाहून जास्त पाउंड उभे केले. त्या वर्षाच्या अखेरीस पाठीराख्यांच्या ट्रस्टने क्लबच ताब्यात घेतला. मैदान गावातल्या विद्यापीठाने विकत घेतले होते. २०१६ मध्ये ट्रस्टने त्याचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा मिळवला. ही नऊ वर्षे मालिकेत भरभर उरकली आहेत, कारण त्यात बघण्यासारखे काही घडत नाही. कर्ज फिटते, ताळेबंद जुळतो, संघ कधी वर कधी खाली, पण वरच्या लीगमध्ये काही जात नाही. मला मात्र ह्याच नऊ वर्षांबद्दल जास्त आदर वाटला. वर्गणी गोळा करणाऱ्या माणसांची ती वर्षे आहेत, आणि वर्गणी गोळा करणाऱ्यावर कोणी मालिका काढत नाही.

मग २०२०. साथीमुळे स्टेडियम रिकामी, तिकिटांचे पैसे बंद. तशात अमेरिकेतून विचारणा आली. रायन रेनॉल्ड्स, म्हणजे आमच्या मुलाच्या भाषेत 'डेडपूल', आणि रॉब मॅकेल्हेनी. एक कॅनडाचा, दुसरा फिलाडेल्फियाचा, आणि दोघे तोवर एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेलेही नव्हते. मॅकेल्हेनीला लॉकडाऊनमध्ये संडरलँड क्लबवरची मालिका बघून हे वेड लागले. त्यांनी २० लाख पाउंड घालायची तयारी दाखवली. आपल्याकडे असे कोणी आले असते तर आधी हार, मग शाल, मग श्रीफळ, आणि सही कुठे करायची हे विचारायला तिसऱ्या दिवशी माणूस गेला असता.

त्या लोकांनी मत घेतले. ट्रस्टचे प्रौढ सभासद दोन हजारांच्या वर. त्या दोन नटांना सभासदांसमोर येऊन, संगणकाच्या पडद्यावरून का होईना, आपले म्हणणे मांडावे लागले. कशासाठी घेताय, काय करणार, काय करणार नाही. त्यांनी लेखी दिलेल्या गोष्टींत मैदान हलवणार नाही, नाव बदलणार नाही हे होते, आणि चेस्टरला नेहमी हरवू हेही होते. नोव्हेंबर २०२० मध्ये निकाल लागला: बाजूने १,८०९, विरोधात २६, तटस्थ ९. फेब्रुवारी २०२१ मध्ये ताबा गेला.

ते २६ जण कोण, हे मला कोणी सांगेल का? मालिकेत ते दिसत नाहीत. पण माझी खात्री आहे की त्यांतला एक तरी कुठल्यातरी कचेरीत आवक-जावक लिहीत असणार.

पुढचे जगजाहीर आहे. २०२२ मध्ये नव्या मालकांनी मैदानाची जमीन विद्यापीठाकडून विकत घेतली. एप्रिल २०२३ मध्ये संघ १११ गुणांचा विक्रम करून लीगमध्ये परतला. २०२४ मध्ये पुन्हा वर, २०२५ मध्ये आणखी वर, सलग तीन बढत्या. आमच्या खात्यात एका बढतीला सतरा वर्षे लागतात. गावात पर्यटक येतात, मैदानाला खेटून असलेल्या पबमध्ये अमेरिकन लोक फोटो काढतात, तिकीट मिळणे कठीण झाले आहे. हे सगळे नीट झाले असे आजच म्हणता येणार नाही, कारण नट आहेत, त्यांचे मन आणि पैसा कुठवर टिकतो हे कळायला अजून काही वर्षे जावी लागतील. पण आतापर्यंत तरी शब्द मोडलेला नाही.

मुलगा हे सगळे बघून आमच्या कंपनीच्या बाजूने झाला होता. त्याला मी बरीची गोष्ट सांगितली. बरी हा मँचेस्टरजवळचा क्लब, १८८५ सालचा, दोनदा एफ. ए. कप जिंकलेला. डिसेंबर २०१८ मध्ये तो एका नव्या मालकाने एका पाउंडला घेतला. एक पाउंड, म्हणजे आपल्या एका पाव-भाजीचे पैसे. मैदान आधीच्या मालकाच्या काळातच गहाण पडले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये पुरेसा पैसा दाखवता आला नाही म्हणून लीगने क्लबला काढून टाकले. १२५ वर्षांची हजेरी एका संध्याकाळी संपली. पुढे पाठीराख्यांनी मैदान परत मिळवले आणि २०२३ मध्ये बरी नावाचा संघ पुन्हा उभा राहिला, पण किती पायऱ्या खालून. "मागीर फरक कितें?" मुलाने विचारले. दोन्हीकडे बाहेरचाच माणूस आला होता. मी म्हटले, एका ठिकाणी विकणाऱ्याने आधी प्रश्न विचारले होते. त्याला ते पटले नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला पटावे असे ते नव्हतेच.

आता आपल्याकडे येतो. आमचे गाव खाणपट्ट्यातले. आमच्या क्लबची जर्सी वर्षानुवर्षे ट्रकवाले घेऊन द्यायचे. छातीवर देवाचे नाव आणि पाठीवर ट्रकचा नंबर, असाही एक मोसम आम्ही खेळलो आहोत. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. मध्ये थोड्या सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले. दारासमोर ट्रक गंजत उभे राहिले, तिथे जर्सीला पैसे कोण देणार? योगायोग असा की २०१२ मध्येच फुटबॉल हा गोव्याचा राज्यखेळ म्हणून जाहीर झाला.

गोव्याचे मोठे फुटबॉलही खनिजाच्या पैशावर उभे राहिले, हे आपल्या पिढीला ठाऊक आहे. साळगावकर, डेंपो, सेझा. डेंपोचा संघ तर मुळात डिचोलीच्या क्लबमधून आलेला. साठच्या दशकात डेंपोंच्या नावाने तो उभा राहिला. म्हणजे क्लब उद्योगाकडे जाणे ही आपल्याकडे नवलाई नाही, आणि ते वाईटच झाले असेही मी म्हणणार नाही. डेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद आणले. साळगावकरच्या गोलमध्ये ब्रह्मानंद शंखवाळकर उभा राहायचा, तेव्हा आमच्या वडिलांच्या पिढीतली माणसे रेडिओला कान लावून बसायची आणि चेंडू त्याच्या हातात गेला की शेतातले काम पुन्हा सुरू व्हायचे. उद्योगपतींनी पैसा घातला नसता तर हे दिसले नसते.

पण २०१६ साल आठवा. राष्ट्रीय महासंघाने लीगची नवी रचना पुढे आणली, तिला विरोध म्हणून साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, मागोमाग डेंपोही. त्यांचा राग मला तरी रास्त वाटतो. वर्षानुवर्षे खेळणाऱ्या क्लबांना एका रात्रीत दुय्यम ठरवणे हा अन्यायच होता. तरी ते वर्तमानपत्र वाचताना मनात आले होते की फातोर्ड्याच्या गॅलरीत वीस-वीस वर्षे बसलेल्या कोणाला ह्याविषयी काही विचारले होते का? विचारायचे तरी कसे, गॅलरीत बसणाऱ्याचे नाव सभासदांच्या यादीत नव्हतेच. डेंपो पुढे २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परतला, ह्याचा आनंद आहे. पण मधली आठ वर्षे घरच्या संघाविना वाढलेली पोरे आता दुसऱ्याच संघांच्या जर्सी घालतात, त्यात आमचाही एक आहे.

तर आमचा प्रस्ताव. पहिली सहा कलमे सोन्यासारखी. सातवे कलम साडेतीन ओळींचे. क्लबची सर्व चल-अचल मालमत्ता आणि 'क्रीडांगणासंबंधीचे सर्व हक्क' नव्या कंपनीकडे वर्ग होतील. मी सारांशात ते कलम शब्दशः उतरवले आणि खाली शेरा मारला: 'क्रीडांगणासंबंधी क्लबचे नेमके हक्क कोणते, ते तपासावे.' कचेरीतली सवय. शेरा मारला की आपले काम संपले असे वाटते.

पण आमसभेच्या आदल्या रात्री मीच क्लबची जुनी पेटी उघडली. संस्था नोंदणीचा दाखला मिळाला, जुन्या नाटकांची हस्तलिखिते मिळाली (क्लबचे पूर्ण नाव क्रीडा आणि सांस्कृतिक मंडळ, जत्रेच्या नाटकाचा हिशेबही ह्याच पेटीत), वाळवी लागलेली एक शील्ड मिळाली. जमिनीचा कागद एकच. एक-चौदाचा उतारा, त्यावर कब्जेदार म्हणून कोमुनिदाद. इतर हक्कांच्या रकान्यात क्लबचे नाव नाही. आमच्या काकाने आणि त्याच्या सोबत्यांनी ही जागा सपाट केली, बांध फोडून, खडक काढून, दोन उन्हाळे. ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. कागदाला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. नेहमी कोरमसाठी माणसे ओढून आणावी लागतात, त्या दिवशी बाके कमी पडली. कंपनीचा माणूस छान बोलला. त्याला मी दोष देत नाही, त्याने लपवून काही ठेवले नव्हते, सगळे कागदावर होते. पोरांनी फ्लडलाइटला टाळ्या वाजवल्या. मी सारांश वाचायला उभा राहिलो आणि सातव्या कलमावर आलो तेव्हा आवाज बसल्यासारखा झाला. मी उतारा वाचून दाखवला. मागून काका उठला. वय एक्क्याऐंशी, काठी टेकत. म्हणाला, "आमचें न्हय तें आमी दिवपाक कशे शकतले? आनी आमचें जाल्यार, दिवप कित्याक?" मग खाली बसला. हॉलमध्ये थोडा वेळ पंख्याचाच आवाज.

मग व्हायचे तेच झाले. आरडाओरडा, कोणी कोणाच्या वडिलांची आठवण काढली, एकाने मला विचारले की तू पगार सरकारचा खातोस आणि पोरांच्या बुटांना आडवा का येतोस. मुलगा मागच्या बाकावर होता, तो माझ्याकडे बघत नव्हता. शेवटी ठराव झाला तो अर्धामुर्धा: प्रस्तावाचे स्वागत, सातवे कलम वगळून पुन्हा पाठवावा, दरम्यान सेक्रेटरीने मैदानाच्या भाडेपट्ट्यासाठी कोमुनिदादकडे अर्ज करावा. बाजूने एकोणसाठ, विरोधात चौदा. तटस्थ कोणी नाही. आमच्या गावात ती पद्धतच नाही.

कंपनीकडून अजून उत्तर नाही. येईल असे मला वाटत नाही. जर्सीला पैसे नाहीत ते नाहीतच, आणि ह्या मोसमात पोरे मागच्या वर्षीच्याच घालून खेळतील. मुलगा तीन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. चौथ्या दिवशी रात्री येऊन अर्जाचा मसुदा मागून घेतला, वाचला, आणि म्हणाला, "नव्याण्णव वर्सां मागल्यांत?" मी म्हटले, तीस मागितली आहेत. "रेक्समवाल्यांनी नव्याण्णव घेतलीं," म्हणाला, आणि पेन्सिलने तीसवर रेघ मारली.

सोमवारी अर्धी रजा टाकली आहे. कोमुनिदादचा एस्क्रिव्हांव दहानंतर भेटतो म्हणतात.